खेळणारे पुष्कळ, खेळवणारे हवेत

“खेळून काय पोट भरणार आहे?” हा प्रश्न आपल्या घरांतल्या पोरांना एकदा तरी ऐकावा लागतो. मुलगी असेल तर त्यात “आता मोठी झालीस” एवढी भर पडते. विचारणाऱ्या आईबापांना मी दोष देणार नाही. एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या, लावणीला दुसऱ्याच्या शेतात वाकणाऱ्या, मुंबईत एका खोलीत चौघे राहून गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाला मुलाच्या भाकरीची काळजी असणारच. आणि खरे सांगायचे तर नुसते खेळून पोट भरणारे फार थोडे निघतात.

पण खेळणे वेगळे आणि खेळवणे वेगळे. वस्तीतल्या मुलांना रोज ठरल्या वेळी मैदानावर आणणे, त्यांना खेळ शिकवणे, त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवणे, आयांचा व्यायामवर्ग चालवणे, स्पर्धा भरवणे, त्याचा हिशेब आणि अहवाल ठेवणे, हे एक पूर्ण काम आहे. त्याचे शिक्षण मिळते आणि त्याला पगारही मिळू शकतो. समूह क्रीडा प्रशिक्षक, आरोग्य मार्गदर्शक, कार्यक्रम समन्वयक अशी त्याची नावे आहेत. महाड-पोलादपूरच्या आपल्या वस्त्यांत खेळणारी मुले पुष्कळ आहेत, खेळवणारा माणूस मात्र सहसा सापडत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर या कामाची माहिती देत आहे.

ठराव होता, वापर नव्हता

आपण महाडची माणसे, म्हणून उदाहरण घरचेच घेऊ. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट 1923 मध्ये मंजूर झाला. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 पर्यंत आपल्या माणसांना त्या तळ्याचे पाणी मिळाले नव्हते. कागदावर तळे तीन वर्षे खुले होते. ते खरेच खुले व्हायला बाबासाहेब लागले, आणि परिषद भरावी म्हणून चिकाटीने झटणारे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे कार्यकर्तेही लागले. निरोप देणे, माणसे जमवणे, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय लावणे, ही कामे कोणीतरी केली म्हणून परिषद झाली.

मैदानाचेही तसेच आहे. शाळेचे पटांगण, तालुक्याचे क्रीडा संकुल, ग्रामपंचायतीची मोकळी जागा यांवर आपल्या मुलींना बंदी घालणारा कागद कुठेही नाही. पण संध्याकाळी तिथे जाऊन पाहा, किती मुली दिसतात? आणि त्यांत आपल्या वस्तीतल्या किती? सार्वजनिक जागा आपली व्हायची असेल तर तिथे रोज, ठरल्या वेळी, दहापंधरा जणांनी मिळून जावे लागते. हे जुळवून आणणाऱ्यालाच समन्वयक म्हणतात.

नागपूर आणि मुंबईचे दाखले

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये पावसात झोपडपट्टीतली काही मुले एक फुटकी बादली पायाने ढकलत खेळताना पाहिली. त्यांनी त्यांना फुटबॉल दिला, मग वस्त्यावस्त्यांचे संघ करून स्पर्धा भरवली. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. नागराज मंजुळे यांचा 2022 मधला ‘झुंड’ चित्रपट बारसे सरांच्या याच कामावर बेतलेला आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. खेळण्याची हौस त्या मुलांत आधीपासूनच होती, बादलीवर का होईना ती खेळत होती. त्यांच्याकडे नव्हता तो त्यांना एकत्र बांधणारा माणूस.

या संस्थेत घडलेला अखिलेश पॉल हा नागपूरच्या वस्तीतला मुलगा. भरकटलेल्या आयुष्यातून तो फुटबॉलकडे वळला, 2010 मध्ये रिओ दि जानेरो इथे झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला आणि पुढे स्वतः प्रशिक्षक झाला. तो मैदानावर आला खेळाडू म्हणून आणि तिथे टिकला खेळवणारा म्हणून.

दुसरा दाखला मुंबईचा. कुलाब्याच्या आंबेडकर नगर वस्तीत वाढलेले अशोक राठोड यांनी 2006 मध्ये तिथल्या मुलांना घेऊन ‘ऑस्कर फाउंडेशन’ सुरू केले. त्यांचा नियम साधा आहे: शाळा नाही तर फुटबॉल नाही. मुलाला शाळेत टिकवायला त्यांनी खेळाचा उपयोग केला, आणि मोठी झालेली मुले लहानांना शिकवू लागली. असा नियम आपल्या विहाराच्या अंगणातही लावता येतो. त्याला पैसा लागत नाही, हजेरी मात्र नेमाने घ्यावी लागते.

या कामात काय काय येते

पहिला भाग खेळाचा. आपल्याकडे कबड्डी आणि खो-खो यांनीच सुरुवात करावी. रायगडात कबड्डी घराघरांत माहीत आहे आणि तिला साहित्य लागत नाही. स्त्रियांच्या कबड्डीचे मैदान 12 मीटर बाय 8 मीटर आणि पुरुषांचे 13 बाय 10. एवढी जागा, फक्की आणि शिट्टी असली की झाले. पण चढाई आणि पकड येणे म्हणजे शिकवणे येणे नव्हे. आधी अंग मोकळे करून घेणे, लहान-मोठ्यांचे वेगळे गट करणे, पडावे कसे ते शिकवणे, मागे राहणाऱ्या पोराला वगळले न जाणे, हे प्रशिक्षकाचे काम.

दुसरा भाग तब्येतीचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी आणि मोठ्यांनी आठवड्याला निदान 150 मिनिटे. “आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?” असे आपल्या बाया म्हणतात. वाकून लावणी केली की कंबर झिजते, डोक्यावर हंडे वाहिले की मान धरते. त्या दुखण्यावर ताण देण्याचे आणि पाठ बळकट करण्याचे व्यायाम उपयोगी पडतात. मधुमेह आणि रक्तदाब आता वस्तीतही घरोघरी आहेत. संध्याकाळचा अर्धा तास एकत्र चालणे हाही एक कार्यक्रमच आहे.

तिसरा भाग जुळवाजुळवीचा. हजेरीचे रजिस्टर, पालकांची लेखी संमती, मुलांच्या आजारांची नोंद, मैदानाच्या परवानगीचा अर्ज, जमाखर्च, महिन्याचा एका पानाचा अहवाल. हे कंटाळवाणे वाटते, पण ज्याच्याकडे कागद आहेत त्यालाच पुढे काम आणि पैसा मिळतो.

खेळवणाऱ्याला हे आरोग्य यायलाच हवे

मुलींचे रक्त: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. थोडे धावून धाप लागणारी, पायात गोळे येणारी मुलगी आळशी नसते, तिचे रक्त कमी असू शकते. सराव सुरू करण्यापूर्वी सर्व मुलींचे हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. 12 पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना दाखवा, आठपेक्षा कमी असेल तर उपचार होईपर्यंत जोराचा सराव बंद. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, जेवणानंतर घ्यावी आणि तिच्यावर चहा पिऊ नये. पाळीत खेळू नये असे काही नाही. दुखत असेल तर विश्रांती, नसेल तर खेळ. मात्र मैदानाजवळ संडास, पाणी आणि पॅड बदलायला आडोसा हवा. तो नसल्यामुळेच कितीतरी मुली खेळ सोडतात.

मुरगळणे: पाय मुरगळला की तेल लावून चोळण्याची आपली सवय आहे. पहिले दोन दिवस चोळू नका, शेकू नका. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरावीस मिनिटे लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पाय टेकवताच येत नसेल तर एक्स-रे काढायला न्या.

डोक्याला मार: डोके आपटलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, विसंगत बोलणे यांतले काहीही दिसले तर 108 ला फोन करा.

ऊन आणि पाणी: मार्च ते मे सराव सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची, ग्लासात अर्धी नाही. सिकलसेल असलेल्या मुलाला तहान आणि दमणूक घातक ठरते. विदर्भातून आलेल्या आपल्या कुटुंबांत आणि कातकरी वाड्यांवर हे आवर्जून विचारा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खेळवा.

चिखल: 22 जुलै 2021 चा पूर आणि त्याच दिवशी कोसळलेली तळिये गावची दरड आपण कोणीच विसरलो नाही. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. पायाला चीर असेल तर चिखलात अनवाणी खेळवू नका. चिखलात गेल्यानंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर अंगावर काढू नका. “मी पुराच्या पाण्यात होतो” हे डॉक्टरांना सांगा.

छातीदाब: माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर 108 ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला लागा. मोठ्या माणसाला निदान 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. हे वाचून येत नाही. ग्रामीण रुग्णालयात विनंती करून हाताने शिकून घ्या.

मुलांची सुरक्षितता: प्रशिक्षकाने मुलाला किंवा मुलीला एकट्याने खोलीत बोलावू नये, वैयक्तिक भेटवस्तू देऊ नयेत, स्पर्धेला मुली जाणार असतील तर सोबत बाई हवीच. 18 वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्याने (2012) ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. “आपल्यातलाच आहे, मिटवून टाकू” हे चालणार नाही. मदतीसाठी 1098 हा क्रमांक मुलांना पाठ करून द्या.

शिक्षणाची वाट

दहावी-बारावीपर्यंत खेळत राहा आणि प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. पुरात कागद गेलेली घरे मी पाहिली आहेत, म्हणून फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. विहित स्पर्धांतल्या कामगिरीवर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात. राज्याच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी लागते. राज्य कबड्डी संघटनेची पंच परीक्षाही देता येते. अनेकांच्या हाती पहिले मानधन पंच म्हणूनच पडते.

शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचे बी.पी.एड. त्याची प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून या क्षेत्रात आहे. मोठ्या पातळीचा प्रशिक्षक व्हायचे असेल तर 1961 मध्ये स्थापन झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी आणि वरच्या पातळीवर खेळल्याचा पुरावा लागतो. तिथे सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालतो. योगाकडे ओढ असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा द्या. समन्वयाच्या कामाकडे कल असेल तर समाजकार्याची पदवी, म्हणजे बी.एस.डब्ल्यू. आणि पुढे एम.एस.डब्ल्यू. उपयोगी पडते. लग्नामुळे किंवा कामामुळे शिक्षण सुटलेल्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून पदवी पूर्ण करता येते.

खर्चासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. वसतिगृह न मिळालेल्यांना अटी पूर्ण होत असतील तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात 1990 पासून मिळतात, पण जातीचा दाखला आणि वैधता हातात नसेल तर वर्ष वाया जाते. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, अकरावीतच ते कागद करायला घ्या.

“सहा महिन्यांत प्रशिक्षक, नोकरीची हमी” अशा जाहिरातींपासून सावध राहा. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे किंवा मंडळाचे? मागच्या वर्षीची मुले आज कुठे काम करतात? शुल्क परत मिळण्याचा नियम लेखी आहे का? उत्तर गोलमाल आले तर उठून या.

पैसा कुठून

स्पष्टच सांगते, पहिले वर्ष-दोन वर्षे या कामावर घर चालणार नाही. दुसरे काम किंवा शिक्षण चालू ठेवूनच सुरुवात करावी. पुढे शाळा, खासगी क्रीडा वर्ग, व्यायामशाळा, सामाजिक संस्था, सरकारी क्रीडा प्रशिक्षण केंद्रे इथे जागा निघतात. काही आरोग्य केंद्रांत अर्धवेळ योगशिक्षकांना सत्रामागे मानधन मिळते.

वस्तीतल्या कार्यक्रमासाठीही वाटा आहेत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर आणि 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून त्यातून मुलींच्या सरावासाठी मागणी करा. क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकासाच्या अनुदानाची चौकशी अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण त्या यादीत आहे. महाडची एमआयडीसी आपल्या दाराशी आहे. तिथला धूर आपण सोसतो, तर तिथल्या निधीवर मैदानासाठी अर्ज करायला संकोच नको. मात्र त्यासाठी नोंदणीकृत संस्था आणि स्वच्छ हिशेब हवा.

शिकवणाऱ्या मुलीला “समाजाचे काम आहे, फुकट कर” असे म्हणू नका. समाजाच्या कामालाही एसटीचे भाडे लागते. मंडळाने मानधन थोडे ठरवावे, पण ते लेखी ठरवावे आणि वेळेवर द्यावे.

वर्ष कसे आखावे

आपल्याकडे चार महिने मैदानावर पाणी असते. म्हणून जून ते सप्टेंबर विहारात किंवा समाजमंदिरात दोरीवरच्या उड्या, योगासने, खेळाचे नियम, प्रथमोपचार. भातकापणी झाली की रिकामी शेते आणि पटांगणे मिळतात, तेव्हा खरा सराव. थंडीत स्पर्धा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतात, तेव्हा सराव अर्धा. मे महिन्यात चाकरमान्यांची मुले गावी येतात, तेव्हा दहा दिवसांचे शिबिर. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुली येणार असतील तर सरावाची वेळ शेवटच्या एसटीवरून ठरवा. मुलगी अंधारात अडकली तर दुसऱ्या दिवसापासून तिचे घरचे तिला पाठवणार नाहीत, आणि त्यांचे ते बरोबरच असेल.

या महिन्यात एवढे करा

येत्या रविवारी विहारात हा विषय काढा. वस्तीतली एक मुलगी आणि एक मुलगा निवडा, ज्यांना खेळ येतो आणि लहान मुले ज्यांचे ऐकतात. शंभर पानी वही, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी एवढे मंडळाने घेऊन द्यावे. आठवड्यातून तीन दिवस, तासभर, पंधरा मुले, त्यांत निदान सात मुली. आशाताईंना सांगून सर्वांचे वजन, उंची आणि हिमोग्लोबिन त्या वहीत नोंदवून घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. ती वही घेऊन ग्रामपंचायतीत जा, शाळेत जा, कंपनीच्या दारात जा. आणि ती वही ज्या मुलीने लिहिली तिलाच बोलू द्या. पुढे नोकरीच्या मुलाखतीत “अनुभव काय?” असे विचारतील, तेव्हा तीच वही ती टेबलावर ठेवील.